कालवा भरलेला, टेल कोरडं : बहात्तर वर्षांच्या एका पोटरीचं प्रकरण

काकांनी खुर्चीत बसायच्या आधीच फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, सगळं नॉर्मल आहे. तरी मला जिना चढवत नाही.”

फाइल खरंच जाड होती. ईसीजी, टू-डी इको, दोन्ही पायांचा डॉपलर, कमरेचा एमआरआय, रक्ताच्या दोन वेळच्या तपासण्या. चार महिन्यांत तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. हृदय ठीक, पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या, मणक्यात वयानुसार थोडीफार झीज. प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच वाक्य ऐकायला मिळालं होतं : “वय झालं आता.” सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, “वय झालंय ते आम्हालाही दिसतं हो. पण मागच्या वर्षापर्यंत हेच वय चढत होतं ना जिना?”

काकूंच्या या प्रश्नासाठीच मी हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मी नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं साठीच्या पुढची असतात. ‘वय झालं’ हे वाक्य घेऊन ती येतात आणि बहुतेकांनी ते निदान म्हणून मुकाट्याने स्वीकारलेलं असतं. ते निदान नाही. वयाने शरीरात नेमकं काय होतं, त्यातलं किती वयाचं आणि किती आपल्या बसून राहण्याचं, हे सुटं करून पाहिलं तरच पुढचा रस्ता दिसतो. काकांच्या परवानगीने, त्यांची ओळख पटेल असं सगळं बाजूला ठेवून हे मांडते.

काकांची हकीकत

वय ७२. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून ३३ वर्षं नोकरी. म्हणजे आयुष्यभर लेथसमोर उभं राहून काम केलेला माणूस. राहायला सातपूरलाच, तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मूळ गाव दिंडोरीकडचं, शेत वाघाड धरणाच्या कालव्याच्या अगदी शेवटाला, म्हणजे टेलला. निवृत्तीनंतरही बरीच वर्षं श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला जाऊन ब्रह्मगिरीची फेरी करायचे. लहान फेरी म्हटली तरी वीसेक किलोमीटर होते, तीही पावसात, चिखलातून.

मग हर्नियाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, जखमही वेळेत भरली. पण घरच्यांनी जपायचं ठरवलं ते कायमचं. दूध आणायला मुलगा, भाजीला सून, गावी शेतावर पुतण्या. “तुम्ही बसा हो, आम्ही करतो.” आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणजे त्याला उठू द्यायचं नाही, अशीच रीत पडली आहे. त्यामागे प्रेम असतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण दीड वर्षं काका जवळजवळ सोफ्यावरच होते.

तक्रार अशी : जिन्याच्या पहिल्याच मजल्याला दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या जड होतात. दुखतात असं नाही, भरून येतात. उभं राहिलं की दोन मिनिटांत सुटतात. गंमत म्हणजे सपाटीवर सुरुवातीची पाच-सात मिनिटं फार जड जातात आणि मग जरा सैल होतं. पाय गार पडतात. शिवाय सकाळी अंथरुणातून उठलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. काकूंनी दुसऱ्या मजल्याच्या चौकात एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून दिली होती, तिथे बसून मग ते पुढे चढायचे.

रक्तदाबाची एक गोळी रोज चालू. साखर काठावर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.१. हिमोग्लोबिन १३.४, थायरॉइड ठीक. ड जीवनसत्त्व कमी निघालं होतं, त्याची औषधं तीन महिने घेऊन झाली, जिन्यात फरक नाही. सिगारेट कधी नाही, पण शिफ्टमध्ये लागलेली तंबाखू-चुन्याची सवय ४० वर्षांची. दिवसाला सात-आठ वेळा. हे त्यांनी सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं.

तपासणी

फाइल बाजूला ठेवून मी आधी पाय बघितले. पावलांवरच्या नाड्या दोन्ही बाजूंनी छान हाताला लागत होत्या. अंगठ्याचं टोक दाबून सोडलं तर पांढरा डाग जाऊन लाली यायला तीन सेकंदांच्या वर लागत होते. खोली गार नव्हती, मे महिना होता. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, पण नोंद केली.

पोटरीचा घेर ३१.५ सेंटिमीटर. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये स्नायुक्षयाची शंका घेण्यासाठी पुरुषांना ३४ ही रेघ ठरवली आहे. हाताची पकड २४ किलो, तिथे रेघ २८ ची. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठ-बस करायला १७.८ सेकंद, तिथे रेघ १२ ची. सहा मिनिटांत चाललेलं अंतर ३१८ मीटर, तेही चौथ्या मिनिटाला एकदा थांबून.

मग मी त्यांना कठड्याला बोटं टेकवून एका पायावर उभं केलं आणि टाच वर उचलायला सांगितली. उजव्या पायावर सात वेळा झालं. आठव्याला टाच जमिनीपासून जेमतेम बोटभर उचलली गेली आणि पोटरीचा स्नायू कातडीखाली थरथरायला लागला. मी तळहात लावून बघितला. वरचा भाग घट्ट, आणि खालची बाजू सैल पडलेली. डाव्या पायावर पाच. ३३ वर्षं लेथसमोर उभा राहिलेला माणूस आपल्याच पायाकडे असा बघत होता, की मला क्षणभर बोलवेना.

झोपून रक्तदाब १३८/७८, उभं राहिल्यावर एका मिनिटाने १२०/७२. वरचा आकडा २० किंवा जास्त, अथवा खालचा १० किंवा जास्त उतरला तर त्याला उभं राहण्याने होणारा रक्तदाबपात म्हणतात. काकांचा १८ ने उतरला. रेघेच्या आत, पण रेघेला खेटून.

आता वजाबाकी. चालल्यावर पोटऱ्या भरणं आणि थांबल्यावर सुटणं यात पहिला संशय पायाच्या धमन्या तुंबल्याचा. त्यासाठी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात. ते ०.९० किंवा त्याखाली आलं तर धमनीत अडथळा. काकांचं उजवीकडे १.०४, डावीकडे १.०६, आणि चालवून लगेच पुन्हा काढलं तरी उतरलं नाही. डॉपलरही स्वच्छ. दुसरा संशय कंबरेतल्या नसा दबल्याचा. पण त्यात नुसतं ताठ उभं राहिलं तरी त्रास होतो आणि पुढे वाकलं किंवा बसलं की सुटतो. काकांना उभ्या उभ्याच सुटत होतं. सूज नाही, शिरा फुगलेल्या नाहीत. स्नायूंवर परिणाम करू शकेल असं औषध चालू नाही.

मोठे नळ स्वच्छ आणि पंप चांगला. मग पोटरीपर्यंत पोचत काय नाही?

काकांनीच दिलेली उपमा

मी कागदावर हृदय, धमनी, तिच्या फांद्या असं काढत होते. सगळ्यांत बारीक रेषांपाशी आले आणि काका म्हणाले, “हे तर आमच्या टेलसारखं झालं. धरण भरलेलं असतं, कालवा दोन्ही काठ धरून वाहत असतो. पण चारीवरची दारं वेळेवर उघडली नाहीत, पोटचाऱ्या बुजल्या, की शेवटच्या वावरात टिपूस येत नाही. तपासायला साहेब येतो तो कालवा बघून जातो.”

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. पुढे तीनही महिने आम्ही याच भाषेत बोललो.

हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. त्यातला जेमतेम १५ ते २० टक्के वाटा अंगभरच्या स्नायूंना मिळतो. जोराच्या श्रमात हाच वाटा ८० टक्क्यांच्या वर जातो, आणि एकूण रक्तही कितीतरी वाढलेलं असतं. म्हणजे कुठल्या स्नायूला कधी किती द्यायचं, ही वाटणी सतत बदलत असते. ती करतात धमन्यांच्या शेवटच्या, केसाएवढ्या बारीक शाखा. त्यांना धमनिका म्हणू. या म्हणजे चारीवरची दारं. त्यांच्या भिंतीत स्नायूचा पातळ वेढा असतो. तो आवळला की दार लागतं, सैल पडला की उघडतं.

धमनिकांच्या पुढे केशवाहिन्या. यांची रुंदी ५ ते १० मायक्रोमीटर, आणि त्यातून जाणारी तांबडी पेशी स्वतःच ७-८ मायक्रोमीटरची. त्यामुळे पेशी एकामागे एक, कधी दुमडून, अंग चोरून जातात. ऑक्सिजनची खरी देवाणघेवाण इथेच होते, म्हणून हे वावर. मार्चेलो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात या वाहिन्या पहिल्यांदा पाहिल्या. स्नायूला गरज पडेल तसा केशवाहिन्यांतला प्रवाह कसा वाढतो, यावर डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी काम केलं आणि त्यांना १९२० चं नोबेल मिळालं. शंभर वर्षांपूर्वीचा विषय आहे हा. तरी रोजच्या तपासणीत आपण अजून कालव्यापाशीच थांबतो.

वय वाढतं तसं इथे काय काय होतं?

पहिलं, दार उघडायचा निरोप क्षीण होतो. रक्तवाहिनीच्या आत पेशींचं एक पदरी अस्तर असतं. रक्त वेगाने घासून जाऊ लागलं की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, तो भिंतीतल्या स्नायूला सैल पाडतो आणि काही सेकंदांत विरून जातो. एक साधा वायू रक्तवाहिन्यांना निरोप देतो, हे दाखवल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. उतारवयात हा वायू कमी पडतो. शिवाय जो तयार होतो त्यातला बराचसा भाग ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाटेतच खाऊन टाकतात. त्यामुळे दार उघडतं, पण उशिरा आणि अर्धवट. म्हातारपणी श्रमाच्या सुरुवातीला रक्तप्रवाह सावकाश वाढतो. काकांची पहिली पाच-सात मिनिटं जड का जात आणि नंतर सैल का होई, त्याचं बरंचसं उत्तर मला इथे दिसलं.

दुसरं, दार लावायचा निरोप वाढतो. रक्तवाहिन्या आवळायला सांगणाऱ्या अनुकंपी नसांची वर्दळ वयाबरोबर वाढत जाते. तरुण शरीरात काम करणारा स्नायू हा आदेश जागच्या जागी मोडून काढतो, ‘बाकीच्यांचं पाणी तोडा, माझं चालू ठेवा’ म्हणतो. वयस्कर स्नायूची ही हुकमत कमी होते. तंबाखूतलं निकोटिन नेमकं याच आवळणाऱ्या बाजूला जोर देतं. हे काकांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. फक्त खिशातली पुडी चाचपली.

तिसरं, पोटचाऱ्याच कमी होतात. विशेषतः झटपट आणि जोराचं काम करणारे जे जाड तंतू असतात, ते उतारवयात आधी बारीक होतात आणि त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्याही विरळ होत जातात. जिना चढणं, ठेच लागल्यावर सावरणं, बस सुटताना पाऊल उचलणं ही सगळी यांचीच कामं.

चौथं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जेवणानंतर इन्सुलिन वाढतं. ते साखर पेशीत ढकलतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते स्नायूतल्या केशवाहिन्यांकडचा प्रवाहही वाढवतं. जेवणातली प्रथिनं स्नायूपर्यंत पोचायला त्याची मदत होते. वयाबरोबर हा परिणाम मंदावतो. म्हणजे ताटात डाळ आहे, पोटात पचली आहे, रक्तात उतरली आहे, आणि तरी स्नायू तिचा पुरता फायदा घेऊ शकत नाही. ‘खातात तर सगळं, पण अंगाला लागत नाही’ असं घरोघरी म्हणतात, त्यामागे अनेक कारणं असली तरी हे एक आहे. चालून आलेल्या स्नायूत मात्र इन्सुलिनचा हा परिणाम सुधारतो, असं वृद्धांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. आम्ही पुढे याचा उपयोग केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काकांच्या पोटरीतल्या केशवाहिन्या मी पाहिलेल्या नाहीत. संशोधनात स्नायूचा तुकडा काढून त्या मोजतात, किंवा सोनोग्राफीने श्रमाच्या वेळचा मांडीच्या धमनीतला प्रवाह मोजतात. माझ्यासारखीच्या दवाखान्यात तशी सोय नसते. माझं निदान वजाबाकीचं होतं : मोठ्या वाहिन्या, मणका, रक्त, हृदय ही कारणं बाजूला गेल्यावर उरलेलं. आणि त्यात स्नायूचा अशक्तपणा मिसळलेला होताच. हे दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. प्रवाह कमी म्हणून स्नायू झिजतो, आणि स्नायू काम मागत नाही म्हणून प्रवाह आटतो.

किती वयाचं, किती बसण्याचं

काकूंच्या प्रश्नाकडे परत येते. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्यांची श्रमक्षमता दाणकन उतरली. त्याच पाच जणांना ३० वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जितकी घटली होती, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी जास्त घटवली होती. पाचच माणसं होती, म्हणून आकडा डोक्यावर घेऊन नाचायला नको. पण दिशा स्पष्ट आहे, आणि मला ती रोज दिसते.

काकांची दीड वर्षं सोफ्यावर गेली होती. ७२ वर्षं आपल्या हातात नाहीत, पण ते दीड वर्ष होतं. मी मुलाला आणि सुनेला एकदा सोबत बोलावलं आणि सांगितलं, दूध काकाच आणतील. सुनेला ते लागलं असावं. म्हणाली, “लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याला कामाला लावलं.” मी तिला तो पोटरीच्या घेराचा आकडा दाखवला. ती समजूतदार होती. दुसऱ्या दिवसापासून दुधाची पिशवी काकांच्या हातात.

काय केलं

फॅमिली डॉक्टरांशी बोलून, आणि जेवणातली प्रथिनं वाढवायची होती म्हणून मूत्रपिंडाची तपासणी ठीक असल्याची खात्री करून सुरुवात केली.

आधी कठड्याला धरून दोन्ही पायांवर टाचा उचलणं, आठ-आठच्या तीन फेऱ्या, श्वास न रोखता. मग खुर्चीवरून उठ-बस. दोन आठवड्यांनी अर्ध्या फुटाच्या पायरीवर चढ-उतार. पोटरीवर माझा भर मुद्दाम होता. तिथला स्नायू आकुंचन पावला की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं, सैल पडला की धमनीतून नवं रक्त आत यायला जागा होते. उभ्या माणसाचा तो दुसरा पंप आहे.

चालणं आठवड्यातून पाच दिवस. आधी दहा मिनिटं अगदी संथ, दारं उघडायला वेळ द्यायचा म्हणून. मग दोन मिनिटं भराभर, दोन मिनिटं सावकाश, असं आलटून पालटून. भराभर म्हणजे किती? शेजारच्याशी बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही, इतकं. वेगाने वाहणारं रक्तच अस्तराला घासून नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं, आणि आठवडेन् आठवडे मागणी राहिली तर स्नायूत नव्या केशवाहिन्या फुटतात. वयस्कर स्नायूतही फुटतात. १९९० मध्ये नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे वजनं उचलायला लावून त्यांच्या पायांची ताकद अडीच पटींच्या वर गेल्याचं दाखवलं गेलं होतं. काका त्यांच्यापुढे तरुणच.

जेवणाची वेळ आम्ही चालण्याला बांधली. सकाळी फिरून आल्यावर तासाभरात मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा मुगाचं धिरडं, सोबत दूध. वजन ६१ किलो, त्यांच्या वयाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे दिवसाला ६१ ते ७३ ग्रॅम. काकूंबरोबर बसून हिशोब केला तर त्यांच्या पोटात चाळीस ग्रॅमच्या आसपासच जात होती. बाजरीची भाकरी, पातळ आमटी, भाजी, असं जेवण. आमटी घट्ट झाली, दुपारी दह्याची वाटी आली, आठवड्यातून चारदा अंडी. अंड्याला काकूंचा विरोध होता. तो त्यांनीच चौथ्या आठवड्यात मागे घेतला.

तिसऱ्या आठवड्यातली माझी चूक

हे लिहायलाच हवं. एका शनिवारी माझ्या सोयीसाठी मी काकांना दुपारी अडीचची वेळ दिली. ते जेवून आले. मी नेहमीसारखी पायरीची चढ-उतार करून घेतली. शेवटची फेरी संपली आणि ते उभे असताना मी पुढच्या आठवड्याबद्दल बोलत राहिले. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला, वरच्या ओठावर घाम आला आणि हात कठडा शोधायला लागला. मी लगेच आडवं केलं, पाय स्टुलावर ठेवले. रक्तदाब ९२/५८. दहा मिनिटांत ११८/७० वर आला. काही इजा झाली नाही. पण झाली असती.

कारण सरळ होतं आणि मला ते ठाऊक असायला हवं होतं. जेवणानंतर आतड्याकडे रक्त वळतं, आणि वयस्कर माणसात त्याने रक्तदाब उतरतो. व्यायामाने पायातल्या वाहिन्या सैल झालेल्या. त्यात व्यायाम अचानक थांबवून उभं ठेवलं, म्हणजे पोटरीचा पंप बंद आणि रक्त पायात साठलेलं. तीन चाऱ्या एकदम उघडल्या आणि कालव्याची पातळीच खाली गेली. काकांचा उभ्याने १८ ने उतरणारा रक्तदाब मी सकाळी, रिकाम्या पोटी मोजला होता. रेघेच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहिले.

त्याच संध्याकाळी फॅमिली डॉक्टरांना सगळं कळवलं. त्यांनी गोळीची वेळ बदलली आणि काही दिवस घरी उभ्याने रक्तदाब मोजायला सांगितलं. मी माझी पद्धत बदलली. साठीच्या पुढच्या कुणालाही आता जेवणानंतर दोन तासांच्या आत व्यायाम देत नाही, व्यायाम संपल्यावर पाच मिनिटं जागच्या जागी पावलं चालूच ठेवते, आणि पहिल्या भेटीत रक्तदाब जेवल्यानंतरचाही मागवते. काका उठून बसल्यावर उलट मलाच म्हणाले, “मॅडम, घाबरू नका, शिफ्टमध्ये उन्हाळ्यात असं व्हायचं.” मला त्या रात्री झोप लागली नाही.

बारा आठवड्यांनंतर

पाच उठ-बशा १७.८ वरून १२.९ सेकंदांवर. सहा मिनिटांचं अंतर ३१८ वरून ३९२ मीटर, न थांबता. टाच उचलणं उजव्या पायावर सातावरून १८, डाव्यावर पाचावरून ११. तिसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात, सावकाश, पण चौकातल्या खुर्चीवर न बसता. तंबाखू दिवसाला दोनदा. पूर्ण सुटलेली नाही.

पकड २४ ची साडेपंचवीस झाली, म्हणजे अजून रेघेखालीच. पोटरीचा घेर अर्धा सेंटिमीटर वाढला, पण एवढा फरक टेप जरा वर-खाली धरला तरी पडतो, म्हणून तो मी धरत नाही. उभं राहिल्यावर रक्तदाब अजूनही १६ ने उतरतो. उठताना काकांनी आधी पलंगाच्या काठावर बसून घोटे वीस वेळा हलवायचे, हे कायमचं. पाय गारच असतात.

घेर तसाच असताना जिना का सुधारला? थोडा भाग नसा आणि स्नायू यांचं जुळणं सुधारल्याचा, थोडा ताकदीचा : तोच जिना आता त्यांच्या शक्तीचा कमी वाटा मागतो. उरलेला भाग, विशेषतः सुरुवातीचा जडपणा सात मिनिटांवरून दोन-तीन मिनिटांवर आला तो, मी दारं लवकर उघडू लागल्याचा मानते. माझ्याकडच्या साधनांनी हे सिद्ध करता येत नाही. लक्षणांशी ते जुळतं, इतकंच म्हणेन.

असंच कुणाला होत असेल आणि वाचून लगेच टाचा उचलायला सुरुवात करणार असाल, तर आधी ती जाड फाइल करा. बसल्या जागी किंवा रात्री झोपेत पाय दुखणं, न भरणारी जखम, बोटं काळवंडणं, एकाच पायावर अचानक सूज, चढताना छातीत दाब, यातलं काहीही असेल तर तो मोठ्या कालव्याचा किंवा धरणाचा प्रश्न आहे. त्याला डॉक्टरच हवेत, तेही उशीर न करता. काकांच्या चार महिन्यांच्या तपासण्या फुकट गेल्या असं मी अजिबात म्हणणार नाही. त्या होत्या म्हणून मला त्यांच्या पोटरीवर बिनधास्त काम करता आलं.

श्रावणातला तिसरा सोमवार आला तेव्हा काकांना फेरीला जायचं होतं. वीस किलोमीटर, ओले दगड, हजारोंची गर्दी. मी नाही म्हटलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. मग आमचं मधलं ठरलं : पहाटे मुलाबरोबर एसटीने त्र्यंबकला जायचं, कुशावर्तावर दर्शन, तिथून फेरीच्या वाटेने साधारण चार किलोमीटर चालायचं आणि रिक्षाने परत. सोबत पाणी, शेंगदाण्याचे लाडू, काठी.

बुधवारी ते आले. चपलेला लाल माती तशीच होती. फाइल आणली नव्हती. चार किलोमीटर झाले का, असं मी विचारायच्या आत म्हणाले, “चार झाले. परत येताना रिक्षा मिळेना म्हणून अजून एक. पण उजव्यावर अठरा आणि डाव्यावर अकराच, हे बरोबर नाही. उतारावर डावा पाय पाणी सोडतो. त्याचं काय करायचं ते सांगा.”

आणि मी घड्याळ काढेपर्यंत कठड्यापाशी जाऊन डाव्या पायावर उभे राहिले.